मायर आडनाव जर्मन की ज्यू? मुळापर्यंत पोचायची वाट

माहेरची मी पाटील. लग्न करून जर्मनीत लिप्पे भागात आले आणि मायर झाले. या आडनावाचा अर्थ कळायला मला दोन वर्षं लागली. कळला त्या दिवशी आईला फोन करून सांगितलं, "अगं, मी इथेही पाटीलच आहे." लॅटिनमधला 'मायोर' म्हणजे मोठा, थोरला. त्यावरून जर्मनमधला मायर. मध्ययुगात सरदारांच्या आणि मठांच्या जमिनी गावोगाव विखुरलेल्या असत. त्यातल्या मुख्य वाड्यावर राहून आसपासच्या कुळांकडून धान्य, कोंबड्या, अंडी गोळा करायची आणि मालकाकडे पोचवायची, हे मायरचं काम. पुढे पद गेलं, वाडा उरला, आणि वाड्यावर राहणाऱ्यांना ते आडनाव चिकटलं.

सासऱ्यांना मात्र वेगळंच वाटत होतं. "आपण मूळचे ज्यू असणार, मायर हे त्यांचंच आडनाव," असं त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी सांगितलं होतं, तेही दबक्या आवाजात. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. हिब्रूत मेईर म्हणजे उजेड देणारा. दुसऱ्या शतकातले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मेईर ज्यू धर्मशास्त्रात पदोपदी भेटतात आणि हे नाव ज्यू घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठेवलं गेलं. जर्मन बोलणाऱ्या ज्यूंच्या तोंडी त्याचं मेयर, मायर झालं. म्हणजे कानाला एकच नाव, पण मुळं दोन, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

कुठल्याही घरात असं दुहेरी आडनाव आलं असेल, नवऱ्याकडून, सुनेकडून किंवा पणजीकडून, तर मी चाललेली वाट त्यांच्या उपयोगी पडेल. मायरच्या जागी क्लाइन, श्वार्त्स, वोल्फ, हिर्श, काउफमान घातलं तरी वाट तीच. आमच्या गावात एकेकाळी मायर नावाची दोन घरं होती, एक आमचं शेतकऱ्याचं आणि दुसरं गुरांच्या ज्यू व्यापाऱ्याचं. त्या दोन घरांच्या आधारानेच पुढचं सगळं सांगते.

आधी स्पेलिंगचं भूत उतरवा

जर्मनीत मायर पाच-सहा तऱ्हांनी लिहितात. 'वाय' असलेलं मायर ज्यू आणि 'आय' असलेलं ख्रिस्ती, असं मला किमान चार जणांनी ठामपणे सांगितलं. हे साफ चूक आहे. 'ई-वाय' हे रूप उत्तरेकडे, नीडरझाक्सेनमध्ये दाट आहे आणि तिथले बहुसंख्य मायर पिढ्यान्‌पिढ्या ल्युथरन शेतकरी आहेत. 'ए-आय' नैऋत्येकडे श्वाबियाच्या बाजूला, आणि मधला 'ई' गाळलेलं आखूड रूप बव्हेरिया-ऑस्ट्रियात. स्पेलिंगवरून प्रदेशाचा अंदाज येतो, धर्माचा येत नाही. शिवाय एकाच माणसाचं नाव बाप्तिस्म्याला एक, लग्नाला दुसरं आणि मृत्यूच्या नोंदीत तिसरं, हे अगदी रोजचं. लिहिणारा पाद्री कानाला ऐकू येईल तसं लिहायचा.

जोडनावं मात्र कामाची असतात. ओबरमायर म्हणजे वरच्या वाड्याचा, नीडरमायर खालच्या, बाखमायर ओढ्याकाठचा. आमच्या भागात 'मायर त्सु अमुक' अशी लांबलचक नावं आहेत, म्हणजे अमुक ठिकाणचा मायर. नाव असं एखाद्या वाड्याशी बांधलेलं दिसलं की ते शेतीच्या मुळातलं असण्याची शक्यता खूप वाढते. जर्मन आडनावांचा एक कोश माइन्त्सच्या अकादमीने ऑनलाइन खुला ठेवला आहे. त्यात बऱ्याच नावांचा अर्थ आणि आजचा प्रसार नकाशावर दिसतो. पहिली संध्याकाळ त्यात घालवा.

आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी मनाशी पक्की करा. सगळे मायर एका घराण्याचे नाहीत. आपल्याकडे पाटील मराठ्यांत आहेत, आगऱ्यांत आहेत, जैन, लिंगायत आणि मुसलमानांतही आहेत. दोन पाटील भेटले की आपण भावकी आहे असं लगेच धरत नाही. गाव विचारतो. इथेही तेच करायचं आहे.

घरातला खण

शोध अर्काइव्हपासून, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या सरकारी संग्रहापासून, सुरू करू नका, घरातल्या खणापासून करा. बहुतेक जर्मन घरांत 'श्टामबुख' नावाची एक वही असते. लग्नाच्या वेळी नोंदणी कार्यालयातून मिळते आणि त्यात लग्न, मुलांचे जन्म, मृत्यू यांचे दाखले लावलेले असतात. दोन-तीन पिढ्यांचा पाया त्यातूनच घातला जातो.

याच खणात आणखी एक पुस्तिका निघू शकते, 'आनेनपास'. नाझी राजवटीत आपल्या पूर्वजांत कोणी ज्यू नाही हे सिद्ध करण्यासाठी लोकांना ती भरून न्यावी लागे. साध्या नोकरीला आजी-आजोबांपर्यंतचे दाखले पुरायचे, एसएस या नाझी दलाच्या अधिकाऱ्यांना मात्र १७५० पर्यंत मागे जावं लागे. वंशावळ शोधणाऱ्याला ही पुस्तिका आयतं साधन वाटते, कारण पाद्र्यांच्या सहीशिक्क्यांसकट चार-पाच पिढ्या त्यात मांडलेल्या असतात. तिचा उपयोग जरूर करा, पण ती कशासाठी बनली होती हे विसरू नका. ज्यांना हे दाखले देता आले नाहीत त्यांची नोकरी गेली, घर गेलं, आणि पुढे लाखोंचा जीव गेला. "तुमचं आडनाव ज्यू आहे का?" हा प्रश्न या देशात एकेकाळी जीवघेणा होता. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना तो चहाच्या टेबलावर सहज टाकू नका. मी टाकला होता आणि सासूबाई उठून आत गेल्या. त्यानंतर मी प्रश्न बदलला. "आजोबा कुठल्या गावचे होते?" याला लोक भरभरून उत्तर देतात.

गाव नक्की करा

गावाशिवाय जर्मनीत एक पाऊलही पुढे पडत नाही, कारण कागद गावागावांत वाटलेले आहेत. आणि नॉयश्टाट नावाची गावं डझनांनी आहेत. यासाठी १९१२ चा एक मोठा गावकोश आहे, 'मायर्स ऑर्ट्स उंट फेरकेअर्स लेक्सिकोन'. योगायोगाने त्याच्या प्रकाशकाचं आडनावही मायरच. तो आज इंटरनेटवर फुकट शोधता येतो. जुन्या साम्राज्यातलं अगदी लहान खेडंही त्यात सापडतं आणि त्याचं नोंदणी कार्यालय कुठे, चर्च किंवा सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) कुठे, हे संक्षेपात दिलेलं असतं. जी गावं आज पोलंडमध्ये गेली आहेत त्यांची जुनी जर्मन नावंही तिथेच मिळतात.

नोंदणी कार्यालय आणि धर्माचा रकाना

१ जानेवारी १८७६ पासून सगळ्या जर्मन साम्राज्यात जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली. प्रशियात ती ऑक्टोबर १८७४ पासूनच होती. राईन नदीच्या डाव्या तीरावर फ्रेंच सत्ता होती, तिथे थेट १७९८ पासून. या कार्यालयाचं नाव 'श्टांडेसआम्ट'. गोपनीयतेची मुदत जन्माच्या नोंदीला ११० वर्षं, लग्नाला ८० आणि मृत्यूला ३०. मुदत संपली की वही नगराच्या किंवा राज्याच्या अर्काइव्हमध्ये जाते आणि कोणालाही पाहता येते. मुदतीच्या आतली नोंद सरळ वंशजांना मागता येते, नातं दाखवणारे दाखले जोडावे लागतात.

नवख्याला एक युक्ती सांगते. आजोबांच्या जन्माच्या दाखल्यासाठी थांबण्याआधी त्यांच्या मृत्यूची नोंद मागवा. तिची मुदत लवकर संपते आणि तिच्यात बहुधा जन्मगाव दिलेलं असतं.

१९व्या शतकाच्या शेवटच्या या नोंदींत आई-वडिलांच्या नावापुढे धर्म लिहिलेला असतो. 'इव्हांगेलिश', 'काथोलिश', किंवा ज्यूंसाठी 'मोझाइश' आणि 'इस्राएलिटिश'. आमच्या गावातली दोन मायर घरं इथेच वेगळी झाली. आमच्या घरापुढे 'रेफॉर्मिएर्ट' होतं, कारण लिप्पे १६०५ पासून कॅल्विनपंथी, म्हणजे प्रॉटेस्टंटांचाच एक पंथ. दुसऱ्या घरापुढे 'मोझाइश'. पण या एका शब्दावर शोध संपत नाही. १९व्या शतकात बऱ्याच ज्यूंनी बाप्तिस्मा घेतला. कवी हाइनेने १८२५ मध्ये घेतला होता. म्हणून १८७६ ला ख्रिस्ती असलेलं घर १७८० लाही ख्रिस्तीच होतं का, ते मागे जाऊनच पाहावं लागतं.

नोंदीच्या समासात पाहायला विसरू नका. १७ ऑगस्ट १९३८ च्या वटहुकमाने ज्यू पुरुषांना 'इस्राएल' आणि बायकांना 'सारा' असं जादा नाव १ जानेवारी १९३९ पासून लावणं भाग पडलं. जन्माच्या जुन्या नोंदींच्या कडेला तसा शेरा मारलेला दिसतो आणि बऱ्याचदा युद्धानंतर तो रद्द केल्याचा दुसरा शेराही. गुरांच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या एका मुलीच्या नोंदीवर पहिला शेरा आहे, दुसरा नाही.

चर्चच्या वह्या आणि घरजावई

१८७६ च्या मागे जायचं तर चर्चच्या वह्या. प्रॉटेस्टंट वह्यांसाठी 'आर्कियोन' हे सशुल्क संकेतस्थळ, कॅथलिक वह्यांसाठी 'माट्रिकुला' हे मोफत. अक्षर 'कुरेंट' वळणाचं, म्हणजे जुन्या जर्मन हस्ताक्षराचं. सुरुवातीला एक ओळ लावायला मला तासभर लागायचा. या लिपीत 'ई' हे अक्षर 'एन'सारखं दिसतं, त्यामुळे मायरमधले दोन्ही 'ई' हमखास फसवतात. उपाय असा की आधी आपलं आडनाव स्वतःच्या हाताने त्या वळणात वीस वेळा गिरवायचं. मग डोळा ते पानावर आपोआप पकडतो. महिन्यांचाही सापळा आहे. '७ बर' म्हणजे सातवा महिना नव्हे, तर सेप्टेंबर. '८ बर' ऑक्टोबर. लॅटिनमध्ये सेप्टेम म्हणजे सात, त्यावरून. आणि राईनच्या डाव्या तीरावरच्या १८०५ पर्यंतच्या नोंदींत फ्रेंच क्रांतीची दिनदर्शिका असते, तिच्या तारखा उलगडून घ्याव्या लागतात.

आमच्या घराचा माग १७९४ च्या एका लग्नाच्या नोंदीपाशी येऊन थांबला. नवऱ्याचं आडनाव भलतंच होतं, शेजारच्या परगण्यातल्या एका विणकराचं. त्याच्यापुढे 'गेनांट मायर', म्हणजे 'मायर म्हणवला जाणारा'. तीन आठवडे मी चुकीचं पान पाहतेय असंच समजत होते. मग चर्चच्या अर्काइव्हमधल्या एका वयस्क बाईंनी समजावलं. वेस्टफालिया आणि लिप्पेमध्ये आडनाव माणसाचं नसे, वाड्याचं असे. वाड्याला मुलगा नसला की मुलीला घरजावई आणत आणि तो वाड्याचं नाव लावी. त्याची मुलंही त्याच नावाची. वाड्याची विधवा दुसरं लग्न करी तेव्हाही हेच. म्हणजे मायर हे आडनाव आमच्याकडे एका बाईकडून आलं आहे. घरातल्या पुरुषांचं रक्त त्या विणकराचं.

म्हणून वायव्य जर्मनीतलं आडनाव शोधताना प्रत्येक लग्नाची नोंद उघडून पाहाच. जन्मांच्या नोंदींत बाप मायर, मुलगा मायर अशी ओळ दिसते आणि मध्ये कुठे सांधा बदलला याचा पत्ता लागत नाही. लग्नाच्या नोंदीतच तो सापडतो.

ज्यू घराची वाट

दुसऱ्या मायर घरासाठी रस्ता वेगळा आहे आणि माझ्या मते जास्त अवघड. १८व्या शतकाच्या अखेरपर्यंत जर्मन भूमीवरच्या बहुसंख्य ज्यूंना पिढीजात आडनाव नव्हतं. स्वतःचं नाव आणि पुढे बापाचं नाव. इसाक मेयर म्हणजे मेयरचा मुलगा इसाक. त्याचा मुलगा मेयर इसाक. उलटसुलट होत जाणारी ही साखळी बघून गोंधळायला होतं, पण मराठी माणसाला ती परकी वाटू नये. कोकणातले बेने इस्राएलही बापाचं नाव असंच मागे लावत आले आणि गावावरून पेणकर, रोहेकर, केहीमकर झाले. फ्रँकफुर्टमध्ये तिसरी तऱ्हा होती, घराच्या पाटीची. रोथशिल्ड घराण्याचा संस्थापक मायर आम्शेल, जन्म १७४४. यात मायर हे त्याचं नाव, आम्शेल बापाचं, आणि रोथशिल्ड, म्हणजे लाल ढाल, हे ज्यू गल्लीतल्या पूर्वजांच्या घराचं.

मग सरकारांनी आडनावं ठरवून घ्यायला लावली, आणि प्रत्येक राज्याने आपापल्या वेळेला. ऑस्ट्रियात सम्राट योसेफ दुसरा याचा हुकूम १७८७ चा, अंमल १७८८ च्या आरंभापासून. नेपोलियनचा हुकूम २० जुलै १८०८ चा, तो राईनच्या डाव्या तीरालाही लागू होता. त्यात जुन्या करारातली नावं आणि शहरांची नावं आडनाव म्हणून घ्यायला मनाई होती, पण आधीपासून वापरात असलेलं नाव ठेवायची मुभा होती. बाडेन १८०९, प्रशिया १८१२, बव्हेरिया १८१३, व्युर्टेम्बेर्ग १८२८. तुमचं घर त्या वर्षी कुठल्या राज्यात होतं ते आधी पाहा, कारण त्या राज्यात जुनं नाव आणि नवं नाव शेजारीशेजारी लिहिलेली यादी झालेली असते. ती यादी हा ज्यू घराच्या शोधातला सगळ्यात मोलाचा कागद. इसाक मेयर त्या दिवशी कार्यालयात गेला आणि बापाचं नावच आडनाव म्हणून लावून आला. त्याच्या सख्ख्या भावाने वेगळ्या गावात वेगळं आडनाव घेतलं असेल तर आज त्या दोघांचे वंशज एकमेकांना ओळखतही नाहीत.

यादीच्या मागे जायला दगड उपयोगी पडतात. ज्यू थडग्यावरच्या हिब्रू मजकुरात माणसाचं आणि त्याच्या बापाचं नाव असतं, म्हणजे एका दगडात दोन पिढ्या. आशीर्वादाला जोडलेले दोन हात कोरलेले असतील तर घराणं कोहेन, म्हणजे पुरोहितांचं. पाण्याची झारी असेल तर लेवी, म्हणजे मंदिरातल्या सेवेकऱ्यांचं. जुनी धार्मिक आणि रोजची नावं जोडीने येतात. नाफ्तालीला हिर्श म्हणत, बिन्यामीनला वोल्फ, येहुदाला ल्योब. त्यामुळे दगडावरचा नाफ्ताली आणि कराच्या यादीतला हिर्श एकच असू शकतो. सालाचं गणित सोपं आहे. हजारांचा आकडा गाळून उरलेली संख्या दगडावर असते, तिच्यात १२४० मिळवा. ६०० असेल तर १८४०. हिब्रू वर्ष शरद ऋतूत सुरू होतं, म्हणून त्या वर्षाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांतला मृत्यू असेल तर एक वजा करा. हेस्सेन राज्यातले हजारो दगड वाचून ऑनलाइन ठेवलेले आहेत.

दगडांचा विषय निघालाच आहे तर वोर्म्सला एकदा जाऊन या. तिथल्या ज्यू दफनभूमीत ११व्या शतकापासूनचे दगड उभे आहेत. २०२१ मध्ये श्पायर, वोर्म्स आणि माइन्त्स इथल्या ज्यू वारशाला युनेस्कोची मान्यता मिळाली, त्यात ही जागा आहे. तिथे रोथेनबुर्गचे रब्बी मेईर यांची समाधी आहे. राजा रुडोल्फने त्यांना १२८६ मध्ये कैद केलं आणि सुटकेसाठी मोठी खंडणी मागितली. परंपरा सांगते की आपल्यासाठी खंडणी भरू नका असं त्यांनीच बजावलं, नाहीतर राजांना रब्बी पकडायची चटक लागेल. १२९३ मध्ये कैदेतच ते वारले. १३०७ मध्ये अलेक्झांडर विम्फेन नावाच्या गृहस्थाने पैसे भरून त्यांचा देह सोडवून आणला, बदल्यात एवढंच मागितलं की मला त्यांच्या शेजारी जागा द्या. दोन्ही दगड आजही शेजारीशेजारी आहेत. मेईर हे नाव जर्मन ज्यूंना किती जवळचं होतं हे मला तिथे उभं राहून कळलं.

ज्यू समाजाच्या जन्म-मृत्यूच्या वह्या नाझींनी जप्त केल्या होत्या. युद्धाच्या शेवटी त्यांची फिल्म काढली गेली. मूळ वह्या बहुतांशी गेल्या, फिल्म उरली, आणि आज राज्यांच्या अर्काइव्हमध्ये ती पाहायला मिळते. वंश तपासायला जमवलेले हे कागद आता त्याच लोकांच्या वंशजांना वाट दाखवतात. १९३३ नंतरच्या माणसांसाठी जर्मन राष्ट्रीय अर्काइव्हचा मारल्या गेलेल्या ज्यूंचा स्मृतिग्रंथ, नाझींच्या छळाला बळी पडलेल्यांचे कागद ठेवणारं बाड आरोल्सनचं अर्काइव्ह आणि जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकाची नावांची सूची, तिन्ही घरबसल्या शोधता येतात. न्यूयॉर्कच्या लिओ बेक संस्थेने जर्मन ज्यू कुटुंबांची पत्रं आणि वंशावळी मोफत खुल्या केल्या आहेत.

डीएनए: काय विचारायचं, कुणाला विचारायचं

कागद किमान १८०० पर्यंत गेल्याशिवाय थुंकी पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डीएनए उत्तर देतं, पण प्रश्न कागदानेच नेमका करावा लागतो.

आडनावाशी थेट संबंध वाय गुणसूत्राचा, कारण तेही बापाकडून मुलाला जातं. म्हणून चाचणी घरातल्या मायर पुरुषाची करायची. माझी करून काही उपयोग नाही. सुरुवातीला ३७ मार्करची, म्हणजे गुणसूत्रावरच्या ३७ ठरावीक जागा तपासणारी, चाचणी पुरते. जुळणाऱ्या पुरुषांची यादी येते, त्यांची आडनावं आणि गावं पाहायची. सासऱ्यांच्या यादीत एकही मायर नव्हता. दोघा जणांचं आडनाव मात्र १७९४ च्या त्या विणकराचं होतं. कागद आणि रक्त एकमेकांना भेटले तो क्षण मी विसरणार नाही.

ज्यू घराच्या यादीत उलटं चित्र दिसतं. जुळणाऱ्यांत दहा जणांची दहा आडनावं असतात. यात कुणाच्याही चारित्र्याचा प्रश्न नाही. पूर्वज सहाशे वर्षांपूर्वीचा आणि आडनावं दोनशे वर्षांपूर्वीची, म्हणून असं होतं.

यासोबत हॅप्लोग्रूप कळतो, म्हणजे पुरुषवंशाची फार जुनी शाखा. इथे लोक सर्वात जास्त घसरतात. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंमध्ये जे१, जे२ आणि ई शाखा बऱ्याच आढळतात, पण जे२ कितीतरी ख्रिस्ती जर्मनांतही आहे. आर१ए म्हटलं की लोक स्लाव्ह समजतात, पण तिची एक बारीक शाखा अश्केनाझी लेवींमध्ये ठळकपणे सापडते. त्यामुळे मोठ्या अक्षरावर काहीच ठरवू नका. बारीक शाखेपर्यंत जाणारी मोठी चाचणी घ्या आणि त्या शाखेवर कोणत्या घराण्यांचे लोक आहेत ते बघा. सासऱ्यांची शाखा आर१बी-यू१०६ खालची निघाली, उत्तर जर्मनी आणि हॉलंडमध्ये भरपूर आढळणारी.

आईच्या बाजूने जाणारा मायटोकाँड्रियल डीएनए आडनावाबद्दल काही सांगत नाही. ज्यू इतिहासाबद्दल मात्र खूप सांगतो. २००६ च्या एका संशोधनात आजच्या अश्केनाझींपैकी सुमारे ४० टक्के लोक मातृवंशाने फक्त चार स्त्रियांपर्यंत पोचतात असं दिसलं.

तिसरी चाचणी ऑटोसोमल, सर्वांत लोकप्रिय. ती सगळ्या पूर्वजांचं मिश्रण मोजते आणि टक्क्यांत उत्तर देते. अश्केनाझी वाटा ती बराच खात्रीने ओळखते, कारण हा समाज एकेकाळी फार लहान होता. २०१४ च्या एका अभ्यासाने २५ ते ३२ पिढ्यांपूर्वी त्याचा गाभा अवघ्या ३५० माणसांच्या आसपास होता असा अंदाज बांधला. एरफुर्ट शहरातल्या मध्ययुगीन ज्यू दफनभूमीवर २०१३ मध्ये बांधकामाआधी उत्खनन झालं. तिथे मिळालेल्या सुट्या दातांतून, स्थानिक ज्यू समाजाच्या संमतीने, १४व्या शतकातल्या ३३ माणसांचा डीएनए वाचला गेला. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. ही माणसं आजच्या अश्केनाझींच्या अगदी जवळची होती, पण त्यांच्यात दोन गट स्पष्ट दिसत होते, एकात मध्यपूर्वेचा वाटा जास्त, दुसऱ्यात पूर्व युरोपाचा. आज ते दोन्ही मिसळून एक झाले आहेत.

टक्के वाचायचं गणित असं. आजोबा किंवा आजी २५, पणजोबा १२.५, खापरपणजोबा ६.२५, त्याच्या मागची पिढी ३.१२५. ही सरासरी आहे, प्रत्यक्षात कमीजास्त होतं आणि सहा-सात पिढ्यांनंतर एखादा पूर्वज पार निसटूही शकतो. एका टक्क्याच्या आसपासचा आकडा आला तर तो दुसऱ्या कंपनीत पडताळा. आणि जमेल तितक्या वृद्ध माणसाची चाचणी करा. मुलापेक्षा आजोबांत जुना वाटा दुपटी-चौपटीने जास्त असतो.

अश्केनाझी घरात चाचणीनंतर हजारो नातेवाईक निघतात, कंपनी त्यांना तिसरे-चौथे चुलत म्हणते, आणि माणूस हुरळून जातो. लहान समाजात शतकानुशतकं आपसांत लग्नं झाल्यामुळे कुणाचेही बारीक तुकडे कुणाशीही जुळतात. मी एकूण बेरीज बघत नाही, सगळ्यात लांब सलग तुकडा बघते. तो २० सेंटिमॉर्गनच्या (डीएनएच्या तुकड्याची लांबी मोजायचं माप) वर असेल आणि सोबत १० च्या वरचे आणखी एकदोन असतील, तरच पत्र लिहिते.

थुंकी देण्याआधी माणसाला सगळं समजावून त्याची परवानगी घ्या, म्हाताऱ्यांची तर दोनदा. २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीकडून सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती बाहेर गेली आणि चोरट्यांनी अश्केनाझी वंशाच्या लोकांची यादी वेगळी काढून विक्रीला ठेवली. ज्या समाजाच्या याद्या एकदा छळासाठी केल्या गेल्या, त्याच्यासाठी ही साधी चोरी नाही. खऱ्या नावाऐवजी आद्याक्षरं, वेगळा ईमेल, आणि काम झालं की नमुना नष्ट करायची लेखी विनंती, एवढं तरी कराच.

सासऱ्यांना काय सांगितलं

त्यांच्या ऑटोसोमल चाचणीत अश्केनाझी वाटा नव्हता. कागदातही नव्हता. मग वडिलांनी दबक्या आवाजात सांगितलेली ती गोष्ट आली कुठून? उत्तर पुन्हा त्याच खणात होतं. आनेनपासच्या मागे १९३०च्या दशकातली पत्रं घडी करून ठेवलेली होती. आजेसासऱ्यांनी चार वेगवेगळ्या पाद्र्यांना दाखल्यांसाठी लिहिलं होतं, आणि एका पत्रात, आडनावामुळे वरून विचारणा झाली आहे, तेव्हा लवकर पाठवावं, अशी विनंती होती. मला वाटतं, ती धास्ती घरात राहिली आणि पुढच्या पिढीत तिची गोष्ट झाली.

सासरे ते पत्र बराच वेळ हातात धरून बसले. मग म्हणाले, "आणि ते दुसरे मायर? त्यांनी कुणाला पत्र लिहायचं होतं?" त्या घरातल्या तिघांची नावं स्मृतिग्रंथात आहेत. आता सासरे रोज सकाळी दोन तास त्यांची वंशावळ लावतात. समाजाच्या वहीच्या फिल्मवरून १८२० पर्यंत आले आहेत. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं डेटमोल्डच्या अर्काइव्हमध्ये नावनोंदणीची यादी बघायला जाणार आहोत. त्यांनी कुरेंटमध्ये मेयर गिरवायला घेतलं आहे.